देवांची रजा

आईने देव पाण्यात ठेवले तो मंगळवार होता. ती बाहेरून आली. तिने हातपाय धुतले, देव्हाऱ्यातले देव एकेक करून उचलले, घंगाळात ठेवले आणि वर पाणी ओतलं. मग चहाचं आधण ठेवलं. दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीतून आले, त्यांनी घंगाळात पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस?" आई म्हणाली, "मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत."

देव पाण्यात ठेवणं हा काही तिने काढलेला प्रकार नव्हता. आजारी माणूस उठावं, कोर्टाचा निकाल लागावा, घर सोडून गेलेला मुलगा परत यावा म्हणून लोक देवांना पाण्यात ठेवत आणि काम झालं की बाहेर काढत. देवांचा जीव गुदमरला की ते लवकर हलतील, असा त्यामागचा विचार असावा. पण हा उपाय आठ-पंधरा दिवसांचा. राज्याच्या सीमा ठरेपर्यंत देवांना बुडवून ठेवणारं आमच्या वाडीत तरी तोवर कोणी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात मुंबईत गोळीबार झाला होता. शाळा बंद, ट्राम बंद, संध्याकाळी कर्फ्यू. आईच्या हाताखालून चौथी पास होऊन गेलेल्या एका मुलाच्या मांडीला गोळी लागली होती. त्याला हॉस्पिटलात पाहून ती आली, तो हा मंगळवार. तो वाचला, पुढे लंगडत का होईना पण नोकरीला लागला, आणि आईला दर दिवाळीला भेटायला यायचा.  आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. शिक्षकांनी मोर्चात जायचं नाही, सभेत बसायचं नाही, असं वरून बजावलेलं होतं आणि आईने आयुष्यात वरून आलेला हुकूम मोडला नव्हता. माझ्या घरात देव कुठे ठेवायचे ते मी ठरवीन, एवढंच ती दादांना म्हणाली.

आई देवभोळी नव्हती, देवभक्त होती, आणि हा फरक ती समोरच्याला थांबवून समजावून सांगायची. पहाटे उठून पूजा, संध्याकाळी शुभंकरोति, चतुर्थीचा उपास, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पण या सगळ्याला शाळेची शिस्त होती. देवांची मांडणी उंचीप्रमाणे असे. पुढे बाळकृष्ण, मागे अन्नपूर्णा, शंकराची पिंड, तिच्या मागे गणपती, आणि शेवटी देवीचा चांदीचा टाक, तोही भिंतीला टेकून, मॉनिटरसारखा. पूजा झाली की ती एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवी. वर्गात हजेरी घेताना ती अशीच नजर फिरवायची. मी तिच्याच वर्गात होते म्हणून मला हे माहीत. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', हा नियम होता, आणि शाळा नेमकी कुठे संपते हे न कळल्यामुळे मी जिना चढेपर्यंत तिला कोणत्याच नावाने हाक मारत नसे.

ती गेल्यावर तेराव्याला जे लोक आले त्यांत तिचे विद्यार्थी पुष्कळ होते. सगळे सत्तरीच्या पुढचे. कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या कानात यंत्र. पण तिच्या फोटोसमोर येताच ते आपोआप ओळीत उभे राहिले आणि उंच होते ते मागे सरकले. एका निवृत्त न्यायाधीशांनी बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला सरळ लावल्या. मला रडू येत होतं, पण नीट रडताही येईना, कारण बाईंच्या समोर बोलायचं नाही म्हणून ते सगळे एकमेकांच्या कानात कुजबुजत होते.

तर देवांना शिक्षा झाली, पण शिक्षेलाही नियम होते. शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलालाही मधल्या सुट्टीत डबा खाऊ द्यायचा, हे तिचं धोरण. त्यामुळे पूजा बंद झाली तरी नैवेद्य बंद झाला नाही. पोळी-भाजीचं ताट घंगाळाच्या काठाशी ठेवून ती वाकून पाण्यात बघायची आणि सांगायची, जेवून घ्या. दर गुरुवारी त्यांना परिस्थिती समजावून सांगे. दिल्लीत काय चाललंय, कोण काय म्हणालं, तुम्ही मनावर घेतलंत तर हे अवघड नाही. शेवटी हात जोडायची, पण सूर पालकांना शाळेत बोलावून घेतल्यावर असायचा तोच. भाद्रपदात मातीचा गणपती आणायचा की नाही असा प्रश्न आला तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नाही. तो पाहुणा आहे, पाहुण्याला घरच्या भांडणात ओढायचं नसतं, असं म्हणून तिने त्याची दीड दिवस यथासांग पूजा केली. घंगाळावर तेवढे दिवस परात पालथी घातली होती.

सगळ्यात मोठी अडचण दादांची झाली. घंगाळ त्यांचं होतं. दादा शांत स्वभावाचे, एका बोटीच्या कंपनीत कारकून, आयुष्यात त्यांना एकच चैन ठाऊक होती, ती म्हणजे तांब्याच्या घंगाळातल्या ऊन पाण्याने आंघोळ. आता ते पत्र्याच्या बादलीशी बसू लागले. मोरीतून त्यांचे सुस्कारे ऐकू येत. संयुक्त महाराष्ट्रासाठी कोणी तुरुंगात गेले, कोणी नोकऱ्या सोडल्या, मी घंगाळ दिलं, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत.

दुसरी अडचण पाण्याची. आमच्या मजल्यावर एकच नळ आणि तो पहाटे थोडा वेळ. देवांचं पाणी रोज बदलायचं काम माझ्याकडे होतं. जुनं पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि नवं नळावरून. पहिल्या दिवशी मी कळशी घेऊन रांगेत उभी राहिले तर बायकांनी मला पुढे ढकललं. देवांचं पाणी आहे, पोरीला आधी भरू द्या. मी ऐटीत पुढे गेले आणि देवांच्या कळशीमागून घरची पिण्याची कळशीही भरून घेतली. याचा व्हायचा तो परिणाम झाला. दिवाळीपर्यंत आमच्या मजल्यावरच्या एकूण एक घरातले देव पाण्यात गेले. सगळ्यांना मुंबई हवी होती हे खरंच, पण नळावरचा पहिला नंबरही हवा होता. मग पुन्हा सगळ्यांची रांग पहिल्यासारखीच झाली. तळमजल्यावरचे परुळेकर मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, खाली खाटेवर बसून सगळा तमाशा बघायचे. एकदा आई शाळेत निघाली असताना ते म्हणाले, "बाईनू, देव म्हणजे काय मेथीची जुडी आसा, पाण्यात घालून ताजी ठेवूक?" आई तशीच शाळेकडे चालू लागली. पण संध्याकाळी परुळेकरांच्या घरातला टाकही एका टोपात बुडालेला मी पाहिला. घरकारणीन ठेवल्यान, आमका काय, असं ते म्हणाले.

मग एके दिवशी द्विभाषिक राज्य झालं. मुंबई आली, पण गुजरातला बरोबर घेऊन. चाळीच्या गॅलरीत सभाच भरली. नवस फळला की नाही? कोणी म्हणे मुंबई मिळाली, काढा देव बाहेर. कोणी म्हणे महाराष्ट्र कुठे मिळालाय. पुरुषांचा आवाज चढला, दादा घंगाळाकडे आशेने बघत होते. शेवटी सगळे आईकडे बघू लागले, कारण प्रथा तिने सुरू केली होती. आई पोळ्या लाटत होती. हातातलं लाटणं न ठेवता तिने निकाल दिला. उत्तर अर्धं बरोबर आलं तर मी अर्धे गुण देते, पण पास करत नाही. आणि तिने घंगाळातलं निम्मं पाणी काढून टाकलं.

त्या दिवसापासून आमच्या मजल्यावरचे सगळे देव कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. पंचाईत फक्त बाळकृष्णाची. तो रांगता, त्यामुळे निम्म्या पाण्यातही तो पुरता बुडालेला. दादांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि लहान मुलाला मोठ्यांइतकी शिक्षा योग्य नाही असं सुचवलं. आईला ते पटलं. तिने घंगाळात एक वाटी पालथी घातली आणि तिच्यावर बाळकृष्णाला बसवलं. वर्गात बुटक्या मुलांना ती पुढे बसवायची, तसं.

अशी सगळी घडी बसली होती आणि सुशीमावशीचं लग्न ठरलं.

सुशीमावशी आईची धाकटी बहीण. आजी गेली तेव्हा मावशी फ्रॉकमध्ये होती. आईच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, पण तिने मावशीला आपल्याकडे आणलं आणि शिकवून मोठं केलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज इतका गोड की लोक नंबर लागल्यावरही फोन सोडत नसत. पण वय सत्तावीस झालं होतं, आणि त्या काळात सत्तावीस म्हणजे नातेवाइकांनी विचारायचंही सोडून दिलेलं असे. किती स्थळं पाहिली, किती कांदेपोहे झाले. नोकरी करणारी नको, चष्मा नको, आई नसलेली नको. आईच्या चातुर्मासात मावशीसाठी धरलेलं काही ना काही असायचंच. अशात दादरचं स्थळ आलं. मुलगा मधुकर, सचिवालयात नोकरीला, अबोल आणि सज्जन. वडील नाहीत, घरात आई आणि तो. त्याला मावशी पसंत पडली आणि मावशीलाही तो. दुसऱ्या भेटीनंतर ती स्वयंपाकघरात गुणगुणताना मी ऐकली. तिला गाता येत नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मधुकररावांच्या आईला आम्ही दादरच्या काकू म्हणत असू. भक्कम बांधा, मोठा आवाज, आणि कोणाच्याही घरात गेल्या की आधी देव्हाऱ्याला नमस्कार करायची सवय. साखरपुड्याला त्या आमच्याकडे आल्या, सरळ आत गेल्या आणि रिकाम्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून थबकल्या. मग त्यांची नजर घंगाळावर गेली. कमरेइतक्या पाण्यातला गणपती त्यांच्याकडे बघत होता. आईने सगळं समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पेढा हातात धरून म्हणाल्या, "बाई, तुमचा नवस तुम्ही जाणा. पण मुलीकडचे देव ओले असताना माझ्या मुलावर अक्षता पडायच्या नाहीत. वैशाखातला मुहूर्त आहे. तोवर बघा काय ते. नाहीतर पार्ल्याची एक मुलगी सांगून आली आहेच."

पार्ल्याची मुलगी हे शब्द आमच्या घरात पुढचे दोन महिने न उच्चारता वावरत होते. आमच्या नानाभटजींना विचारलं तर तेही काकूंच्याच बाजूचे निघाले. देवक बसवायचं, कुलदेवतेला आवाहन करायचं, तर कुलदेवता कोरडी हवी, असं ते म्हणाले. नंतर पोथीत बघतो म्हणाले, आणि बघून आल्यावरही तेच म्हणाले. वाडीतही दोन तट पडले. नवस अर्धवट सोडला तर मुंबई कायमची हातची जाईल, असं एक तट म्हणे. एका मुलीच्या लग्नापायी मुंबई अडत नसते, असं दुसरा. मावशी कोणाशीच बोलत नसे. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त एक्स्चेंजमध्ये जायची, यायची, आणि ताटातलं सगळं संपवायची. तिचं हे निमूट जेवणं आईला बघवत नव्हतं. ज्या पोरीसाठी इतकी वर्षं उपास केले तिचं लग्न आता आपल्याच नवसाने अडलंय, हे तिला दिसत होतं. आणि तो मांडीला गोळी लागलेला मुलगाही दिसत असणार. आई पोळ्या जाळू लागली. शाळेतही एकदा तिने मला फळ्यासमोर उभं केलं आणि का उभं केलं ते विसरली.

मार्ग तिला शाळेतच सापडला. तिच्याबरोबरच्या एका शिक्षिकेने भाच्याच्या मुंजीसाठी किरकोळ रजा घेतली. आई त्या संध्याकाळी घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत. तिने मावशीला समोर बसवलं. रजा घेतली म्हणजे नोकरी सुटत नाही, असं ती म्हणाली. नोकरी चालूच असते, माणूस फक्त हजर नसतो. मावशीला काही कळेना. आई घंगाळाकडे वळली आणि तिने देवांना सांगितलं, "घरात कार्य आहे. तुम्हाला दोन दिवसांची रजा. रविवारी संध्याकाळी हजर."

नानाभटजी आधी गोंधळले, मग त्यांनी रजेला शास्त्राचा विरोध दिसत नाही असा निर्वाळा दिला. त्यांना रजा म्हणजे काय हे फारसं ठाऊक नसावं, कारण भटजींना ती नसते. काकूंना देव कोरडे झाल्याचा निरोप गेला. मावशी त्या दिवशी जेवताना म्हणाली, भाजीत मीठ जास्त आहे. आईचा चेहरा खुलला.

लग्नाआधी देव घासून लख्ख करायचे होते. चाळीतल्या बायका लाडू वळण्यात गुंतलेल्या, म्हणून ते काम दादांकडे आलं. घंगाळ मोकळं झाल्याच्या आनंदात ते चिंच घेऊन मोरीत बसले आणि गाणं म्हणत सगळे देव एकदम घासले. त्यातच मावशीसाठी भुलेश्वरहून आणलेली नवी अन्नपूर्णा आणि नवा बाळकृष्णही होते. आमच्यात नवरी मांडवात येण्याआधी गौरीहराशी बसून अन्नपूर्णेची पूजा करते, आणि तीच अन्नपूर्णा बरोबर घेऊन सासरी जाते. दादांनी सगळे देव पुसले, एक अन्नपूर्णा आणि एक बाळकृष्ण पाटावर ठेवला, बाकीचे देव्हाऱ्यात. लग्न थाटात झालं. जिलब्या पुरून उरल्या, मधुकररावांनी उखाणा मध्येच विसरून नुसतं नाव घेतलं, मावशी रडली, आई रडली नाही.

रविवारी संध्याकाळी देव कामावर रुजू झाले. आईने एकेकाला घंगाळात ठेवलं, गुडघ्यांवर हात ठेवून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि अन्नपूर्णेपाशी थांबली. तिला उचललं, दिव्याजवळ नेलं, पुन्हा बघितलं. आमच्या अन्नपूर्णेचं नाक वर्षानुवर्षांच्या घासण्याने सपाट झालं होतं. या अन्नपूर्णेला चांगलं धारदार नाक होतं. आई दादांकडे बघत राहिली. दादा म्हणाले, दोघींच्याही हातात पळी होती, मी कशावरून ओळखणार?

म्हणजे आमची अन्नपूर्णा दादरला कोरड्यात बसून फुलं वाहून घेत होती, आणि ज्या बिचारीचा नवसाशी काही संबंध नाही ती भुलेश्वरची नवी अन्नपूर्णा इथे कमरेइतक्या पाण्यात. आईला रात्र काढणं जड गेलं. रजेवर गेलेला देव परत आला नाही तर नवस मोडला. पण सासरी गेलेल्या मुलीची अन्नपूर्णा आठ दिवसांत परत मागायची म्हणजे अपशकुन. आणि काकूंनी अपशकुन झाला असं एकदा म्हटलं की त्या घरात मावशीने पुढे काय तोंड वर करायचं?

शेवटी आईने नवी अन्नपूर्णा रुमालात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि मला घेऊन ट्रामने दादरला गेली. वाटेत ती मला दोनदा म्हणाली की तू काही बोलायचं नाहीस. मी तशीही बोलत नसे.

काकूंनी चहा केला, चिवडा दिला. मावशी नव्या साडीत, डोक्यावर पदर, एक्स्चेंजच्या आवाजात घ्या ना, घ्या ना म्हणत होती. मग आई देवाच्या पाया पडते म्हणाली. देव्हारा कोपऱ्यात होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली, हात जोडले, आणि तिची ती नजर डावीकडून उजवीकडे गेली. मी तिच्याच वर्गातली. नजर अर्ध्यावर थांबली की कोणीतरी गैरहजर आहे, हे मला समजायचं. देव्हाऱ्यात आमची सपाट नाकाची अन्नपूर्णा होती, नवा बाळकृष्ण होता, दोन तसबिरी होत्या. बस. त्या घरचे स्वतःचे देव नव्हते.

आई वळून म्हणाली, "काकू, तुमचे देव कुठे आहेत?"

काकूंनी चिवड्याची बशी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. त्या एवढ्या भक्कम बाई, पण चौथीतल्या पोरीसारख्या पदराचं टोक पिळू लागल्या. मग उठल्या, फळीवरचा पिठाचा डबा बाजूला केला आणि मागून लोणच्याची मोठी बरणी काढली. मला आधी कैऱ्याच वाटल्या. पाण्यात गणपती होता, पिंड होती, नंदी होता, सगळे एकमेकांवर पडलेले. काकूंनी आमच्याही आधी देव पाण्यात ठेवले होते. मुलगा सचिवालयात, कोणी बघितलं आणि साहेबाच्या कानावर गेलं तर त्याची बढती अडेल, म्हणून बरणीत, डब्यामागे.

आईने वाकून बरणीत पाहिलं. मग तिने विचारलं की अहो, मग आम्हाला का कोरडे करायला लावलेत.

"कोणाच्या तरी बाजूचे कोरडे हवेत ना," काकू म्हणाल्या. "दोन्हीकडचे ओले असते तर लग्न लागलं असतं का?"

या म्हणण्यात कुठे चूक आहे ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. आईलाही सापडलं नसावं. तिने दुसरा प्रश्न विचारला, की मग लग्नात तुमच्याकडून कोणते देव मांडले होते. काकू अगदी हळू म्हणाल्या, शेजारच्या पाटणकरांचे. घासून देते म्हणून मागून आणले होते.

आई हसली. मी तिला तोवर असं हसताना पाहिलं नव्हतं. ती शाळेत हसत नसे आणि घरी हसायला तिला वेळ नसे. ती चटईवर खाली बसली, डोळ्यांना पदर लावला आणि हसली, तिला उचकी लागली, काकूही हसू लागल्या, आणि दाराशी नुकतेच कचेरीतून आलेले मधुकरराव बरणी उघड्यावर बघून पांढरे पडले.

हसणं ओसरल्यावर आईने पर्समधून रुमाल काढला आणि अन्नपूर्णांच्या अदलाबदलीचं सांगितलं. काकूंना काही वाटलं नाही, त्यांचं स्वतःचं इतकं उघडं पडलं होतं. पण मावशी पुढे आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"ताई, मी गौरीहराशी बसले तेव्हाच ओळखली होती," ती म्हणाली. "आईची आहे. तुला आईने दिली. मला द्यायला ती नव्हती. म्हणून मी उठून सांगितलं नाही."

ती अन्नपूर्णा आजीने आईला लग्नात दिलेली, हे मला तेव्हा कळलं. आईने रुमालाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मग ती काकूंना म्हणाली, बरणीत जागा आहे का हो? काकूंनी नंदी जरा सरकवला. आईने सपाट नाकाच्या अन्नपूर्णेला देव्हाऱ्यातून उचललं, मावशीच्या हातात दिलं, आणि मावशीने तिला बरणीत सोडलं. अशा रीतीने नवसही राहिला आणि अन्नपूर्णाही तिथेच राहिली. नव्या अन्नपूर्णेला आई परत घेऊन आली आणि घरी आल्यावर तिलाही घंगाळात ठेवलं. तिचा काही गुन्हा नव्हता, पण वर्गात एकटीलाच वेगळं वागवलं तर बाकीच्यांना वाईट वाटतं, असं आईचं मत.

निघता निघता आई जिन्यात थांबली. तिच्या लक्षात काहीतरी आलं होतं. म्हणजे मुलाकडच्या बाजूने लग्न पाटणकरांच्या देवांसमोर लागलं, ती म्हणाली, आणि पाटणकरांच्या देवांना हे कोणी सांगितलेलंच नाही. काकू नको नको म्हणत असताना तिने खालच्या वाण्याकडून नारळ आणला आणि पाटणकरांचं दार वाजवलं. पाटणकरवहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला. परत आल्यापासून गणपतीच्या कानात पिवळे तांदूळ कुठून आले, हे कोडं त्यांना आठ दिवस सुटत नव्हतं. त्यांनी नारळ देवापुढे फोडला, अर्धा ठेवला, अर्धा आम्हाला प्रसाद म्हणून दिला, आणि मावशीला बजावलं की आता दरवर्षी यायचं, तुझं लग्न आमच्या घरचं आहे.

पुढे महाराष्ट्र झाला. सकाळपासून रस्त्यावर ढोल-ताशे होते, घरोघरी तोरणं, वाडीत पेढे. आईने आंघोळ करून देव एकेक करून बाहेर काढले, पंच्याने पुसले, उंचीप्रमाणे मांडले. बेळगावचं काय, असं परुळेकरांनी खालून ओरडून विचारलं, तेव्हा सगळं एका परीक्षेत मागायचं नसतं असं ती म्हणाली. मग देव्हाऱ्यासमोर उभी राहून तिने नजर फिरवली आणि देवांना सांगितलं, "बसा." दादा घंगाळ घेऊन मोरीत गेले ते तासभर बाहेर आले नाहीत.

आईच्या श्रद्धेला लोक काय म्हणतात ते मी पुष्कळ ऐकलं. मी स्वतः पूजा करत नाही. आयुष्य ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलं आणि पुस्तकांनी मला या बाबतीत काही ठामपणे सांगितलं नाही. पण देवाशी तिच्याइतकं सरळ बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ती त्यांना घाबरत नव्हती आणि त्यांना फसवतही नव्हती. शेवटच्या आजारात मी तिला विचारलं की तुझ्यासाठी देव पाण्यात ठेवू का. ती म्हणाली, छे, माझा तास संपत आलाय, त्यांना कशाला शिक्षा.

दादा गेले, काकू गेल्या, मधुकररावही गेले. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. सुशीमावशी नव्वदीच्या पुढे आहे, दादरलाच असते, आणि फोनवर तिचा आवाज अजून तसाच आहे. पाटणकरांची पुढची पिढी बोरिवलीला राहते. दर वैशाखात आई, मावशी आणि मी टॅक्सी करून तिकडे जात असू. यंदा मावशी आणि मी गेलो. पाटणकरांच्या नातसुनेने नारळ फोडला आणि नेहमीप्रमाणे अर्धा परत दिला. मावशीला आता खोबरं चावत नाही. तो अर्धा नारळ माझ्या फ्रिजमध्ये आहे.